दीड किलोच्या बाळापर्यंत आधी कोण पोचतं?

दीड किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त असतं तरी किती? किलोमागे 80 ते 85 मिलिलिटर धरलं तर सगळं मिळून सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे चहाच्या एका कपाएवढं. त्यातलं जेमतेम एक मिलिलिटर काढायचं आणि त्यात जंतू आहेत की नाहीत, हे शोधायचं. गंभीर आजारी बाळाच्या त्या एका मिलिलिटरमध्येही जंतू हजारोंनी नसतात. कित्येकदा दोन-चारच सापडतात, आणि बाळाचा जीव धोक्यात यायला तेवढे पुरतात.

ते का पुरतात, हे समजायला साधा हिशेब मांडू. ई. कोलाय हा जंतू सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. रात्री दहाला एक असेल, तर सकाळी सहापर्यंत त्याच्या चोवीस पिढ्या होतात आणि संख्या 1 कोटी 67 लाखांवर जाते. प्रत्यक्ष शरीरात त्याला एवढं मोकळं रान मिळत नाही. पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, आणि शरीर रक्तातलं लोह दडवून ठेवतं, कारण लोहाशिवाय बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. पण नवजात बाळाचं स्वतःचं संरक्षण अजून तयार व्हायचं असतं. त्याची मुख्य शिदोरी म्हणजे आईच्या रक्तातून वारेवाटे आलेली प्रतिपिंडं, आणि त्यांचा मोठा वाटा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत येतो. आठव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ ती शिदोरी अर्धीमुर्धीच घेऊन बाहेर पडतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरून सगळं शरीर कोलमडू लागतं, त्या अवस्थेला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. तो अशा बाळांना फार लवकर गाठतो.

या आजाराशी झुंजण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा ज्या माणसांनी शोधल्या, त्यांची मुळं आपल्या वर्धा जिल्ह्यात आहेत. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे इथल्या माणसाला दवाखान्यांची वाण नाही. सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जवळ, आणि शहर ओलांडलं की सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. त्याच्याशी जोडलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली उभी केली. अभय बंग यांचं लहानपण याच सेवाग्रामच्या आश्रमात गेलं. पुढे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली.

गडचिरोलीतला प्रश्न असा होता की बाळ आजारी पडायचं घरी आणि दवाखाना असायचा मैलोगणती दूर. बंग दांपत्याने आधी न्यूमोनिया घेतला. न्यूमोनियाची खूण म्हणजे धाप. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका समजायचा. पण ज्या सुईणींना तितकं पुढे मोजता येत नव्हतं, त्यांनी साठ कसे मोजायचे? त्यासाठी एक साधं लाकडी साधन तयार झालं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं. मला हे साधन कुठल्याही मोठ्या यंत्राइतकंच थोर वाटतं. मोजता न येणं ही त्या बाईची उणीव आहे, असं त्यात कुठेच धरलेलं नाही. मोजण्याची पद्धतच तिच्या हाताला बसेल अशी केली.

मग वेळ आली सेप्सिसची. हा आजार जास्त फसवा, कारण लहानग्याला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. गावोगावच्या आरोग्यदूतांना शिकवलेल्या खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि कानांना ऐकू येणाऱ्या होत्या: आधी चांगलं रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं, दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागतंय, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, पोट फुगलंय, नाळेला पू धरलाय. एकाच वेळी दोन खुणा दिसल्या की बाळाला दवाखान्यात न्यायला सांगायचं. आईवडील नेऊ शकत नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्साझोलचं तोंडी औषध. खेड्यातली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती.

डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. ज्या 39 गावांत ही सेवा दिली, तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या 47 गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटले. आधी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांतली सोळा-सतरा दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण तीनच्या आत आलं. हीच पद्धत पुढे देशभर गेली, आणि 2011 पासून आशाताई घरी येऊन बाळ पाहतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. जंतूची वाढ मिनिटा-तासांच्या हिशेबाने चालते, त्यामुळे पहिली खूण दिसल्यावर माणूस किती लवकर पोचतं, यावर इथे सगळं ठरतं.

पण पोचल्यावर हातातलं औषध लागू पडलं पाहिजे. जेंटामायसिन मुळात मातीतून आलं. मायक्रोमोनोस्पोरा नावाचा सूक्ष्मजीव ते बनवतो, आणि 1963 साली माणसाला ते सापडलं. जंतूच्या पोटात प्रथिनं बनवणारी सूक्ष्म यंत्रणा असते. जेंटामायसिन तिथे चिकटतं, मग चुकीची प्रथिनं बनत जातात आणि जंतू मरतो. चिवट जंतू काय करतो? तो एक विकर बनवतो, ते जेंटामायसिनच्या रेणूला एक चिमुकला तुकडा जोडतं. एवढ्याने औषध पूर्वीसारखं चिकटत नाही. दुसरे काही जंतू आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. त्याहून विलक्षण म्हणजे ही विद्या प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर लिहिलेली असू शकते, आणि एक जंतू ते कडं शेजारच्या वेगळ्याच जातीच्या जंतूला देऊन टाकतो. क्लेब्सिएला जंतूने कमावलेलं ई. कोलायला आयतं मिळतं.

हे सगळं माणसाने औषधं शोधल्यावर सुरू झालं, असंही नाही. कॅनडाच्या युकॉन भागातल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतल्या डीएनएमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं सापडली. ते संशोधन 2011 साली प्रसिद्ध झालं. मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांवर ही अस्त्रं चालवत आणि चुकवत आले ते आपल्या कितीतरी आधीपासून. आपण अर्धवट डोस घेऊन, सर्दीला प्रतिजैविक गिळून आणि दवाखान्यांत त्यांचा मारा करून त्यातल्या नेमक्या चिवट जंतूंना मोकळी वाट करून दिली.

त्याचा परिणाम प्रयोगशाळेत नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. बाळाच्या रक्तातून बाटलीत वाढवलेला जंतू आगारच्या ताटलीवर सारखा पसरवतात, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या इवल्या गोल चकत्या ठेवतात आणि रात्रभर ऊबेत सोडतात. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल उमटलेला असतो, ते औषध लागू. तो गोल मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. जिथे जंतूंची साय थेट चकतीच्या कडेला येऊन भिडलेली असते, तिथे ते औषध गेलं. एकाच ताटलीवर एकामागून एक चकत्या अशा वेढलेल्या दिसल्या की त्या बाळासाठी हातात फार थोडं उरलेलं असतं. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या 13,530 नवजात बाळांचा अभ्यास 2016 साली छापला गेला. त्यात सर्वाधिक आढळलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी 82 टक्के अनेक औषधांना दाद देत नव्हते. सेप्सिसचे सुमारे दोन तृतीयांश प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांतले होते. म्हणजे जगाशी ओळख व्हायच्या आतच सगळ्यात चिवट जंतू बाळापर्यंत पोचलेले होते.

इथे दुसरी वाट सुरू होते, आणि ती बाळाच्या पोटातून जाते. जन्मताना आतडं जवळपास रिकामं असतं. पुढच्या काही दिवसांत तिथे कोट्यवधी जंतू वस्तीला येतात, आणि कोण आधी येतं याला फार महत्त्व आहे. वर्धेकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको: पेरलेलं आधी उगवून जमीन झाकून बसलं, तर तणाला जागा राहत नाही. निसर्गाने या पेरणीची सोय आईच्या दुधात केली आहे. दुधात शर्करेच्या शंभराहून अधिक प्रकारच्या छोट्या साखळ्या असतात, ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. मग त्या कोणासाठी? बायफिडोबॅक्टेरियासारख्या भल्या जंतूंसाठी. आई बाळाला पाजते तेव्हा बाळाबरोबर त्याच्या राखणदारांनाही जेवू घालते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता विचार करत राहिलो होतो.

मग हे भले जंतू आपणच आधी नेऊन पोचवले तर? सेवाग्राम आणि दिल्लीच्या संशोधकांनी कमी वजनाच्या 1340 बाळांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना आठ प्रकारच्या उपयोगी जंतूंची पूड तीस दिवस, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण जंतू नसलेली पूड. निकाल 2015 साली आला. सेप्सिसचा संशय यावा असे प्रसंग 21 टक्क्यांनी कमी होते, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असं गणित सांगत होतं. संशोधकांनी ते तसंच छापलं. मात्र दीड ते दोन किलोच्या बाळांमध्ये घट ठळक दिसली.

दोन वर्षांनी ओडिशाच्या खेड्यांमधली बातमी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आली. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने 4,556 बाळांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक वाण आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा असं मिश्रण फक्त सात दिवस दिलं. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 वर आलं. मात्र ती बाळं दोन किलोच्या वरची आणि बहुतेक दिवस भरलेली होती.

म्हणून सेवाग्रामचा प्रश्न ओडिशाने सुटला, असं मानता येत नाही. वाण वेगळा, बाळं वेगळी, दिवस वेगळे. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या आतड्याचं अस्तर इतकं कोवळं असतं की भला जंतूही ते ओलांडून रक्तात शिरू शकतो. असा एक मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 साली डॉक्टरांना सावध केलं. त्यामुळे दुकानातून पूड आणून घरच्या घरी बाळाला चाटवावी, असा याचा अर्थ मुळीच नाही.

कोणता वाण, किती वजनाच्या बाळाला, जन्मानंतर कितव्या दिवशी आणि किती दिवस, हे ठरवायला एक-दीड हजार बाळं पुरत नाहीत. त्यासाठी देशात सहा ठिकाणी मिळून कमी वजनाच्या सहा हजारांहून अधिक बाळांची चाचणी आखली गेली, आणि त्या सहा ठिकाणांत सेवाग्राम आहे.