मरुभूमीतले यजमान

पूर्वी आपली मंडळी यात्रेला जात. हल्ली सहलीला जातात. यात्रेला निघणारा माणूस घरची निरवानिरव करून, सुनेच्या हाती किल्ल्या देऊन निघत असे. सहलीचा माणूस दाराला कुलूप लावतो आणि मोबाइल भरला आहे की नाही ते दोनदा पाहतो. एवढा फरक सोडला तर दोहोंत साम्य पुष्कळ. तेव्हाही एक माणूस पुढे चाले व बाकीचे त्याच्या मागून जात, आजही तसेच. त्याला तेव्हा क्षेत्रोपाध्याय म्हणत, आता गाईड म्हणतात. क्षेत्रोपाध्याय जुनी वही उघडून तुमच्या पणजोबांचे नाव काढून दाखवी. गाईड किल्ल्याची उंची सांगतो.

हे मनात येण्यास कारण झाला गेल्या हिवाळ्यातला नऊ दिवसांचा राजस्थानचा प्रवास. फ्रीगंजातल्या टावर चौकातून पहाटे साडेपाचला आमची बस सुटली. रात्री खाण्याच्या गाड्यांनी गजबजणारा हा चौक त्या वेळी इतका निवांत होता, की घड्याळाच्या मनोऱ्याखाली फक्त आमच्या बॅगा आणि दोन कुत्री. चौतीस माणसे, बहुतेक उज्जैन, देवास, इंदूर येथल्या जुन्या मराठी घरांतली. ज्यांच्या बोलण्यात दर पाचव्या वाक्याला ‘आमचे मूळपुरुष राणोजी शिंद्यांबरोबर माळव्यात आले’ हे येते, अशी. मीही त्यांतलाच. फरक इतकाच की आमचे मूळपुरुष तलवार नव्हे, तंबोरा घेऊन आले, आणि तेही बरेच मागाहून.

व्यवस्थापकांनी प्रत्येकाच्या हाती छापील कार्यक्रम दिला. जैसलमेरच्या दिवसापाशी माझी नजर थांबली. ‘सायं. ७ ते ७-४५ राजस्थानी लोकसंगीत व नृत्य. ७-४५ भोजन.’ मी संगीतशिक्षक आहे. पंचेचाळीस मिनिटांचे तास मी रोज घेतो, आणि त्यात यमनाचा आरोह-अवरोहसुद्धा धड होत नाही. एका अख्ख्या मुलखाचे गाणे तेवढ्यात उरकणाऱ्या त्या गृहस्थाविषयी मला आदरच वाटला.

जुन्या ग्वाल्हेर संस्थानातली मंदसोर आणि नीमच मागे टाकून आम्ही चितोडला पोहोचलो. तिथला नऊ मजली विजयस्तंभ राणा कुंभाने पंधराव्या शतकात उभारला, तो माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याच्यावरील विजयाची खूण म्हणून. ‘म्हणजे हरलो तो आपलाच माळवा!’ असे एक काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. गाईडने जौहर सांगितला, पद्मिनी सांगितली, स्तंभाची उंची सांगितली. हाच कुंभा स्वतः वीणा वाजवी आणि त्याने ‘संगीतराज’ नावाचा मोठा ग्रंथ रचला, हे त्याच्या पाठात नव्हते. मी सांगितले तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, ‘ते कुठे दिसत नाही ना, सर.’ उत्तर तसे बिनतोड होते. उदयपूरविषयी काय लिहावे? तळी सुंदर आहेत, महाल सुंदर आहेत, आणि दोहोंच्या मध्ये आपले पाकीट हलके करणारे बाजार आहेत.

जोधपूरला मेहरानगडावर मात्र गंमत झाली. राव जोधाने १४५९ साली घातलेला हा किल्ला खडकातून उगवल्यासारखा दिसतो. वरून निळी घरे दाखवता दाखवता तिथला गाईड म्हणाला, ‘पुढे दक्खिनी आले, खंडणी मागायला.’ आमच्यातले एक निवृत्त हेडमास्तर तात्काळ उसळले. ‘खंडणी नव्हे, चौथाई म्हणा.’ गाईड शांतपणे म्हणाला, ‘हुकुम, देणाऱ्याला दोन्ही सारखेच.’ त्या दिवशी जेवणापर्यंत हेडमास्तर कोणाशी बोलले नाहीत.

मग जैसलमेर. रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसवलेले हे गाव पिवळ्या दगडाचे. संध्याकाळी ऊन तिरपे झाले की किल्ला आतून पेटल्यासारखा दिसतो. आत अजून माणसे राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, जैन मंदिरात घंटा वाजते. तिथून चाळीसेक किलोमीटरांवर सम नावाच्या गावापाशी वाळूच्या टेकड्या आहेत. वाळू पाहावी ती पहाटे. वाऱ्याने रात्री काढलेल्या रेघा तेव्हा कोणी पुसलेल्या नसतात. आम्ही गेलो सायंकाळी. उंट, जीपगाड्या, चहावाले आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारे कर्णे.

तंबूंच्या मधल्या अंगणात बरोबर सातला कार्यक्रम सुरू झाला. कालबेलिया मुलींचा नाच झाला. तो खरोखर चांगला होता. पाच गाणारे-वाजवणारे मांगणियार होते: पेटी, ढोलक, खडताल, एक तरुण गाणारा, आणि अगदी कडेला कमायचा घेऊन बसलेला एक म्हातारा. कमायचा हे गजाने वाजवायचे वाद्य. एकाच लाकडातून कोरलेला गोल पोटाचा भोपळा, त्यावर बकऱ्याचे कातडे, मुख्य तारा आतड्याच्या. त्याचा आवाज सारंगीहून जाड आणि घोगरा असतो. घसा बसलेल्या पण सुरात पक्क्या माणसासारखा. म्हाताऱ्यासमोर ध्वनिक्षेपक नव्हता. आमच्या मंडळींनी ‘केसरिया बालम’ दोनदा म्हणवले, मग सिनेमातली दोन गाणी झाली. त्यानंतर त्या तरुणाने सोरठ रागातला दोहा घेतला, आवाज वर चढवला, आणि तो षड्जावर येऊन टेकायच्या आत कर्ण्यावरून सूचना झाली, ‘भोजन तयार है.’ चौतीस खुर्च्या वाळूत सरकल्या. तरुण थांबला. म्हाताऱ्याने मात्र गज थांबवला नाही. उरलेली ओळ त्याने एकट्याने पुरी केली, षड्जावर आला, मग वाद्य खाली ठेवले.

येथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. माझे वडील एका संस्थानी दरबारात गवई होते. १९४८ साली ते संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांचे वय वीस. आजोबांच्या जागी लागून दोन वर्षेही झाली नव्हती. मी त्यांच्या बावन्नाव्या वर्षी झालेले शेंडेफळ, तेव्हा दरबार मी पाहिलेला नाही, फक्त ऐकलेला आहे. ते सांगत, एका महिन्यात कारकुनाने पगारपत्रकावरची नावे वाचली आणि त्यांत गवयांची नव्हती. कोणी वाईट बोलले नाही; कोणी चांगलेही बोलले नाही. दोन पिढ्यांचे नाते कागदावरच्या एका ओळीवर उभे होते, ती ओळ गेली. पुढे वडिलांनी आयुष्यभर शिकवण्या केल्या, आणि पेटी उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याला ते नेहमी विचारीत, ‘तू कोणाचा?’ मला तो नुसता चौकसपणा वाटे.

दुसऱ्या दिवशी छापील कार्यक्रमात ‘खरेदी, ३ तास’ असे होते. त्या तीन तासांत आम्ही अकरा जण जैसलमेरच्या कलाकार कॉलनीत त्या कमायचेवाल्याच्या घरी गेलो. आदल्या रात्री मी त्याला पत्ता विचारून ठेवला होता. हेडमास्तरही आले, खरेदीचा त्यांना तिटकारा.

मांगणियार म्हणजे शब्दशः मागणारे. त्यांच्यापैकी पुष्कळांना हा शब्द आवडत नाही. धर्माने ते मुसलमान, आणि त्यांचे यजमान बहुतांशी हिंदू, विशेषतः भाटी राजपूत. यजमानाकडे बारसे असो की लग्न, गाणे मांगणियाराचे. गाण्याआधी तो यजमानाच्या कुळाची नावे उच्चारतो. त्याला शुभराज म्हणतात. आपल्याकडे भावाभावांत शेते वाटून घेतात, तसे यांच्यात मुलगे बापाचे यजमान वाटून घेतात. जोधपूरचे कोमल कोठारी यांनी १९६० साली विजयदान देथा यांच्यासह बोरुंदा गावी रूपायन संस्थान काढले आणि २००४ साली निधन होईपर्यंत या लोकांची गाणी व रीतिरिवाज नोंदवले. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला दरबारच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. यजमान आपल्या मांगणियाराला सहजासहजी सोडू शकत नाही. पण यजमानाने रीत मोडली, हक्क बुडवला, तर मांगणियार मात्र यजमानाला सोडू शकतो, आणि सोडले गेलेल्या त्या घराची पंचक्रोशीत नाचक्की होते. माझ्या वडिलांच्या दरबारात कायदा बरोबर उलटा होता.

म्हणूनच राजे गेले तरी हे राहिले. यांचा धनी सिंहासनावर नव्हता, शेजारच्या ढाणीत होता. त्याच्याकडे पाळणा हलतच राहिला आणि लग्ने होतच राहिली. हमीरा गावचे साकर खान याच परंपरेतले. त्यांच्या कमायच्याला २०१२ साली पद्मश्री मिळाली, पुढच्या वर्षी ते गेले. कमायचेवाला म्हातारा म्हणाला, ‘आमचे अर्धे यजमान आता सुरतेला आणि जयपूरला असतात. लग्नात बोलावतात. तंबूवाले रोज बोलावतात. तंबूवाल्यांकडून पोट भरते, पण शुभराज कोणाचा म्हणायचा?’

त्याने सोरठ पुन्हा धरला, या वेळी शेवटपर्यंत. पाऊण तास. मग आपल्या भाटी यजमानाची वंशावळ म्हटली. नावामागून नाव, दम न घेता, मोजता मोजता मी विसाव्या नावाला चुकलो असेन, तरी ती संपेना. संपल्यावर त्याने हेडमास्तरांना हात जोडून विचारले, ‘हुकुम, आपले सांगा. पाहुण्याचाही एकदा म्हणावा.’ हेडमास्तरांनी वडिलांचे नाव सांगितले, आजोबांचे सांगितले, पणजोबांचे सांगितले. श्राद्धात तीन पिढ्या लागतात, तेवढ्या तोंडपाठ. म्हातारा पुढच्या नावाची वाट पाहत राहिला. राणोजींबरोबर आलेल्या त्या मूळपुरुषाचे नाव अकरा जणांपैकी एकालाही आले नाही. हेडमास्तर म्हणाले, ‘घरी कागद आहेत.’ म्हातारा समजुतीने म्हणाला, ‘कागद आहेत तर ठीक.’ आणि त्याने तीनच नावांचा शुभराज म्हटला, पण पुऱ्या थाटात. वडिलांच्या ‘तू कोणाचा?’ चा अर्थ मला त्या ओसरीवर लागला.

बिकानेरला जुनागड किल्ला पाहिला. राजा रायसिंहाच्या कारकिर्दीत, १५८९ ते १५९४ या काळात तो बांधला गेला. आत अनूप महाल आहे, भिंतीवर सोन्याचे काम. गाईड सोन्याचे वजन सांगत होता. ज्याच्या नावाचा तो महाल त्या अनूपसिंहाच्या पदरी भावभट्ट हा संगीतपंडित होता. त्याचे ‘अनूपसंगीतरत्नाकर’, ‘अनूपसंगीतविलास’ हे ग्रंथ पंडित भातखंड्यांमुळे आपल्या संगीतशाळांना माहीत झाले. हा भावभट्टही दरबारी कलावंताचा मुलगा. बाप जनार्दनभट्ट शाहजहानच्या पदरी होता. बाप एका दरबारात, मुलगा दुसऱ्या. आश्रयदात्याचे नाव ग्रंथाच्या मथळ्यातच घालण्याची युक्ती त्या मुलाला का सुचली असावी, हे मला तरी कोणी समजावून सांगायला नको. सोने आजही चकाकते. परंतु संगीताच्या वर्गात अनूपसिंहाचे नाव निघते ते भावभट्टामुळे.

याच बिकानेरच्या गुणिजनखान्यात अल्लाह जिलाई बाई शिकल्या आणि महाराजा गंगासिंहांच्या दरबारात गायल्या. १९०२ चा जन्म, १९९२ चा मृत्यू. दरबार गेला तेव्हा त्यांच्या आयुष्याचा अर्धाच भाग झाला होता. त्यानंतर त्या आकाशवाणीवर गायल्या, आणि १९८२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मंडळींनी वाळूत दोनदा म्हणवलेले ते मांड गीत घरोघरी पोहोचले त्यात या बाईंचा वाटा फार मोठा. मांड या नावाचे मूळ जैसलमेरच्या मुलखाच्या ‘माड’ या जुन्या नावात सांगतात. तेव्हा पाहुण्यांनी तेच मागावे यात वावगे काही नाही. फक्त मागितल्यावर ते संपेपर्यंत बसावे.

परतीच्या वाटेवर देशनोकला करणीमातेचे देऊळ लागते. तिथे उंदीर मोकळे हिंडतात, आणि आमच्यातल्या निम्म्या मंडळींनी देवीचे दर्शन बसमधूनच घेतले.

नागौर जवळ आले तेव्हा हेडमास्तर उठून व्यवस्थापकांच्या खुर्चीपाशी गेले. नागौरशेजारच्या ताऊसर गावी जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे, तिथे थांबायचे, असे त्यांनी सांगितले. व्यवस्थापक म्हणाले, कार्यक्रमात नाही, अजमेरला उशीर होईल. तेव्हा मागून एकेक आवाज येऊ लागला. बस वळली.

जयाप्पा हे राणोजींचे थोरले चिरंजीव, त्यांच्यामागून उज्जैनच्या गादीचे धनी. मारवाडच्या वारसाच्या भांडणात रामसिंहाची बाजू घेऊन ते आले, विजयसिंहाला त्यांनी नागौरच्या किल्ल्यात कोंडले, आणि १७५५ च्या जुलै महिन्यात विजयसिंहाने धाडलेल्या मारेकऱ्यांनी ताऊसरच्या छावणीत त्यांचा घात केला. दत्ताजींनी वेढा पुढे चालवला, १७५६ साली तह झाला, अजमेर शिंद्यांकडे आले. हा इतिहास आपल्या घरांतून शाळेत पाठ झालेला आहे. छत्री मात्र चौतिसांपैकी कोणीच पूर्वी पाहिली नव्हती. काकूंनी टावर चौकातून निघताना घेतलेल्या डब्यातल्या शेवटच्या बेसनलाडवांपैकी एक पायरीवर ठेवला.

तिथे एक गावकरी आला. कुठले, म्हणून त्याने विचारले. उज्जैन म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, मग तुम्हाला आमची म्हण माहीत हवी. मारणाऱ्यांत एक खोखर होता. त्याच्याविषयी मारवाडात म्हण आहे, की तो खोखर फार मोठा खाणारा, आप्पासारख्या राक्षसालासुद्धा गिळून बसला. मूळ शब्द यमकाचे आहेत आणि त्याने ते चालीवर म्हटले. पावणेतीनशे वर्षांनी जयाप्पांचे नाव त्या मातीत गात होते ते एवढ्यानेच.

हेडमास्तर उसळतील असे मला वाटले होते. त्यांनी त्याला ती ओळ दोनदा म्हणायला लावली, खिशातली वही काढली, आणि जैसलमेरला लिहून ठेवलेल्या सोरठाच्या दोह्याखाली ती उतरून घेतली.