दाद आणि मुदत

आंजी (मोठी) येथून वर्ध्यास जाणे धडधाकट माणसाला काहीच वाटत नाही. पण ज्याचा पाय निकामी आहे किंवा ज्याला दिसत नाही, त्याला सोबत लागते, आणि सोबत्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाला ‘पुढच्या तारखेला या’ असे सांगणे म्हणजे दोघांची मजुरी पुन्हा बुडविणे होय.

अपंगांच्या हक्कांसाठी आपल्याकडे कायदा नाही असे नाही. 1995 च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. 19 एप्रिल 2017 पासून अमलात आलेल्या 2016 च्या कायद्याने ते एकवीस केले. दोन्हींत कुष्ठरोगमुक्तांचा समावेश आहे. ज्या वर्धा परिसरात मनोहरजी दिवाणांनी 1936 साली दत्तपूरचे कार्य उभारले, तेथे या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु हक्काची सारी दारे एका प्रमाणपत्रावर उघडतात. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान अपंग म्हणून मागावयाचे, तर तहसील कार्यालयात आधी तेच दाखवावे लागते. चाळीस टक्के भरले तर पुढची वाट मोकळी. अडतीस भरले तर बंद. हे प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावे, असा 2017 चा नियम होता. 2024 च्या दुरुस्तीने ती मुदत तीन महिन्यांची झाली. शिवाय दोन वर्षे निकाली न निघालेला अर्ज निष्क्रिय होऊन तो पुन्हा जागवावा किंवा नव्याने करावा लागतो, अशीही तरतूद आली.

टक्के चुकले असे वाटल्यास 59 व्या कलमाने अपील करता येते. मात्र अपिलाचा निकाल किती दिवसांत द्यावा, हे त्या कलमात सांगितलेले नाही. येथेच खरी उणीव आहे, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली आणि ती चुकविणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडही ठेवला. साध्या दाखल्याला घड्याळ लागू होते. मग ज्याला उभे राहण्याचेही कष्ट पडतात, त्याच्या दादीलाच ते का नसावे?

नकार मिळाला, तर त्याविरुद्ध निदान भांडता येते. पण नुसत्या विलंबाविरुद्ध भांडावयाचे, तर हातात कागदच नसतो. म्हणून अर्ज करताना तारखेची पोच घ्यावी, तिची प्रत जपावी, प्रत्येक फेरीची तारीख लिहून ठेवावी. पुण्यातील राज्य आयुक्तांकडे तक्रार नेता येते; चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण आंजीच्या माणसाला पुणे किती दूर! हे अंतर त्याने एकट्याने का तोडावे? पोच जपण्याचे, तक्रार लिहून देण्याचे काम शेजारचा लिहितावाचता तरुण सहज करू शकेल. कायद्यात मुदत येईल तेव्हा येवो. तोवर ही सोबत तरी आपण देऊ या.