मॅकाबियातला फुटबॉल

एप्रिल १९३३ मधली गोष्ट. जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात युलिउस हिर्श या एकेकाळच्या नामवंत फुटबॉलपटूने वर्तमानपत्र उघडले. दक्षिण जर्मनीतल्या मोठमोठ्या क्लबांनी ज्यू सभासदांना दूर करायचे ठरवले आहे, अशी बातमी त्यात होती. त्या क्लबांमध्ये हिर्शचा स्वतःचा क्लबही होता. ज्या संघाने १९१० मध्ये याच क्लबाला जर्मनीचे अजिंक्यपद मिळवून दिले, त्यात हिर्श होता. पुढे तो देशाकडून खेळला आणि पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात लढलाही. कुणी काढून टाकण्याची वाट न पाहता त्याने राजीनाम्याचे पत्र लिहिले. १९४३ मध्ये त्याला आउशवित्झच्या छळछावणीत पाठवण्यात आले. तिथून तो परतला नाही.

ज्यू लोकांची म्हणून वेगळी क्रीडास्पर्धा कशाला हवी, असे कुणी विचारले की मला हिर्श आठवतो. या स्पर्धेचे नाव मॅकाबिया. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ग्रीक राजसत्तेविरुद्ध उठाव करणारा यहूदा मॅकाबी, त्याच्यावरून हे नाव पडले. पहिली मॅकाबिया १९३२ मध्ये तेल अवीव शहरात भरली. तेव्हा पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल होता. शहराचे महापौर मेयर डिझेनगॉफ पांढऱ्या घोड्यावर बसून मिरवणुकीच्या पुढे चालले होते. १९३५ च्या दुसऱ्या स्पर्धेला आलेले कितीतरी खेळाडू मायदेशी परतलेच नाहीत, तिथेच राहिले. कारण सांगायला नकोच.

म्हणजे हिर्शची बातमी येण्याआधीच दारे बंद होऊ लागली होती. ऑस्ट्रियात तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच अनेक व्यायामसंस्था ज्यूंना प्रवेश नाकारत. म्हणून १९०९ मध्ये व्हिएन्नाच्या ज्यूंनी स्वतःचा क्लब काढला आणि त्याला ‘हाकोआ’ म्हणजे ‘सामर्थ्य’ असे नाव दिले. १९२३ मध्ये या हाकोआने लंडनला जाऊन वेस्ट हॅमला ५-० असे हरवले. समोर वेस्ट हॅमचा पूर्ण ताकदीचा संघ नव्हता, हे खरे. पण इंग्रजांना त्यांच्याच मैदानावर हरवणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्याहून मला आवडते ती १९२४-२५ च्या मोसमातली हकीकत. अजिंक्यपद ठरवणाऱ्या सामन्यात हाकोआचा गोलरक्षक फाबियान याचा हात मोडला. बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती. फाबियानने हात झोळीत अडकवला, गोल सांभाळायचे काम दुसऱ्याकडे दिले आणि स्वतः आघाडीच्या फळीत जाऊन उभा राहिला. त्यानेच विजयी गोल केला! हाकोआ ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि हा क्लब मोडून टाकण्यात आला.

आता मॅकाबियातला पुरुषांचा फुटबॉल प्रत्यक्षात कसा असतो ते पाहू. विश्वचषकाचा दर्जा मनात धरून गेलात तर निराश व्हाल. ही स्पर्धा ‘फिफा’च्या वेळापत्रकात बसत नाही, त्यामुळे व्यावसायिक क्लबांवर आपले खेळाडू सोडण्याचे बंधन नसते. संघांत मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थी, हौशी खेळाडू, खालच्या श्रेणीत खेळणारे तरुण. अमेरिकेसारख्या देशातले खेळाडू प्रवासखर्चासाठी ओळखीपाळखीच्या लोकांकडून वर्गणीही गोळा करतात. परदेशी संघात ज्यू खेळाडूच लागतात. इस्रायलच्या संघात मात्र कोणत्याही धर्माचा नागरिक खेळू शकतो, म्हणून तिथले अरब खेळाडूही उतरतात.

पण याच मैदानावरून मोठे खेळाडूही गेले आहेत. २००५ मध्ये अमेरिकेने फुटबॉलचे रौप्यपदक मिळवले. त्या संघात बेनी फाइलहाबर आणि जोनाथन बोर्नस्टाइन हे दोन तरुण होते. फाइलहाबरचे आजोबा व्हिएन्नाच्या देशातले. नाझींपासून जीव वाचवण्यासाठी १९३८ मध्ये, म्हणजे हाकोआ मोडला त्याच वर्षी, ते ब्राझीलला गेले. नातू रिओत जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. २००७ च्या गोल्ड कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोविरुद्ध अमेरिकेचा विजयी गोल त्याचाच. २०१० च्या विश्वचषकात हे दोघेही अमेरिकेकडून खेळले. पुढे २०१३ च्या मॅकाबियात अमेरिकेने अर्जेंटिनाला हरवून सुवर्णपदकही घेतले.

आपल्या मुंबईत १९४६ पर्यंत पंचरंगी क्रिकेट सामने होत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’, असे धर्मावर आणि वंशावर बेतलेले संघ. गांधीजींना ते पसंत नव्हते आणि ते बंद झाले याचे मला दुःख नाही. मग मॅकाबियाला वेगळा न्याय का? मला वाटते, फरक आहे तो मागच्या इतिहासाचा. तरीही बंद दारामुळे जन्मलेल्या स्पर्धेने स्वतःला एक दार ठेवावे, ही गोष्ट खटकते ती खटकतेच.

कोकणातले आपले बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, हेही याच समाजाचा भाग. इस्रायलला गेल्यावर त्यांनी दिमोना, अश्दोद, लोद या गावांत मराठी नेली आणि क्रिकेट नेले. फुटबॉल तिथे आधीपासून होताच.

या स्पर्धेवर संकटेही आली. १९९७ मध्ये उद्घाटनाच्या दिवशी यार्कोन नदीवरचा तात्पुरता पादचारी पूल कोसळला. ऑस्ट्रेलियाच्या पथकातले चौघे दगावले. त्यांतले तिघे बुडून नव्हे, तर नदीच्या दूषित पाण्याच्या संसर्गाने गेले. तरी स्पर्धा वाढतच गेली. २०१७ मध्ये दहा हजारांच्या आसपास खेळाडू आले. २०२१ ची स्पर्धा कोरोनामुळे २०२२ मध्ये झाली, आणि २०२५ ची इराणशी झालेल्या युद्धामुळे पुढच्या वर्षावर ढकलावी लागली.

याच संघटनेची युरोपापुरती एक वेगळी स्पर्धाही असते. २०१५ मध्ये ती प्रथमच जर्मनीत झाली. स्थळ होते बर्लिनचे ऑलिम्पिक संकुल, १९३६ च्या ऑलिम्पिकसाठी हिटलरच्या राजवटीने उभारलेले. खेळांच्या यादीत फुटबॉलही होता.