व्हीपीएन चालू दिसतंय, पण बिलिंग उघडत नाही? अपग्रेडनंतर आधी हे तपासा

घरच्या घरी वायरगार्ड व्हीपीएन कसं बसवायचं, हे आपण व्हिडिओत पाहिलंय. आज ते अचानक रुसलं तर काय करायचं, ते बघू.

येडगावच्या आपल्या एका प्रेक्षकाचा फोन आला. खत-बियाण्यांचं दुकान नारायणगावात, पण गोडाऊन आणि बिलिंगचा कॉम्प्युटर येडगावात घरी. शेजारीच एका जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकून व्हीपीएन सर्व्हर केलेला. दुकानातल्या लॅपटॉपवरून घरचा स्टॉक आणि उधारीचं खातं दिसायचं, महिन्याचा वेगळा खर्च शून्य. रविवारी निवांत वेळ होता म्हणून डेबियन १२ चं १३ केलं. सोमवारी सकाळी काउंटरवर शेतकरी उभे, आणि खातं उघडेना. गंमत म्हणजे लॅपटॉपवर व्हीपीएन ‘सुरू’ दाखवतंय!

इथे पहिली चूक बहुतेक जण हीच करतात: सगळं उडवून पुन्हा इन्स्टॉल. नका करू. चाव्या बदलल्या की प्रत्येक मोबाईल, प्रत्येक लॅपटॉप नव्याने जोडत बसावं लागतं. दुसरी चूक त्याहून महागडी. त्याच्या भाच्याने सुचवलं, ‘मामा, राउटरवर बिलिंग कॉम्प्युटरच्या रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडू, पाच मिनिटांत काम होईल.’ काम होईल हो, पण तो ३३८९ नंबरचा दरवाजा जगभरातले चोर चोवीस तास ठोठावत असतात. एक दिवस फाइली लॉक आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. उधारीचं खातंच गेलं तर वसुली कशाच्या जोरावर करणार?

मग करायचं काय? सर्व्हरवर ‘डब्ल्यूजी शो’ ही कमांड द्या आणि ‘लेटेस्ट हँडशेक’ची ओळ बघा. वापर सुरू असताना हँडशेक साधारण दोन मिनिटांनी नव्याने होतो. तो ताजा असेल तर इंटरनेट, राउटरचं पोर्ट आणि चाव्या, तिन्ही ठीक आहेत. बिघाड सर्व्हरच्या पुढे आहे. आमच्या केसमध्ये हँडशेक ताजाच होता. लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग जात होतं, पण त्याच घरातल्या बिलिंग कॉम्प्युटरला जात नव्हतं. म्हणजे पाहुणा ओसरीपर्यंत आला, पण आतल्या खोलीत त्याला कोणी सोडेना.

आत सोडण्याच्या या कामाला आयपी फॉरवर्डिंग म्हणतात. त्याची किंमत १ हवी, इथे निघाली ० . का? आपण ही सेटिंग ‘सिससीटीएल डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये मशीन सुरू होताना ही फाइल वाचलीच जात नाही. फाइल जागेवर, ओळ जागेवर, पण वाचणारा कोणी नाही! तीच ओळ ‘सिससीटीएल डॉट डी’ फोल्डरमध्ये नवी फाइल करून लिहायची, फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट कॉन्फ’ हवंच. (अचूक स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, ते बघूनच टाइप करा.)

कमांड देऊन तात्पुरतं १ करता येतं, आणि लगेच सगळं चालू होतं. म्हणून लोक तिथेच थांबतात. मग लाईट जाते, इन्व्हर्टर दम सोडतो, मशीन रीस्टार्ट होतं आणि पुन्हा ० . आपल्या भागात हे किती वेळा होतं, ते मी सांगायला नको. दुरुस्ती झाली की स्वतःहून एकदा रीस्टार्ट करून बघाच.

फॉरवर्डिंग १ असूनही अडलं, तर नेटवर्क कार्डाचं नाव बघा. अपग्रेडनंतर ते कधी कधी बदलतं, आणि फायरवॉलच्या नियमात जुनंच नाव राहतं.

आणि हँडशेकच नसेल तर? आधी सर्व्हरवर सेवा सुरू आहे का, मग राउटरवर यूडीपी पोर्ट (बहुधा ५१८२०) त्याच मशीनकडे जातंय का, ते पाहा. राउटरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला, तर तुमचं कनेक्शन सामायिक पत्त्यावर आहे. त्यात अपग्रेडचा दोष नाही. इंटरनेटवाल्याकडून पब्लिक आयपी मागून घ्या.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी. अपग्रेडआधी वायरगार्डचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो ड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवा, कारण त्यात चाव्या असतात. शिवाय व्हीपीएनमधूनच सर्व्हर अपग्रेड करू नका, मशीनसमोर बसा. घाईही नको. नवं डेबियन आलं तरी जुन्याला साधारण वर्षभर सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात, तेव्हा ऐन हंगामात हात लावायचं कारण नाही.

नारायणगावचं दुकान दुपारी पूर्ववत झालं. सकाळची उधारी त्याने वहीत लिहून घेतली होती, ती रात्री बसून चढवली.