कोट्यातला खेळाडू : दक्षिण आफ्रिकेची रग्बी आणि गुणवत्तेचा प्रश्न

मे २०१८ मधली गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या एका क्रीडावाहिनीवर रग्बीच्या सामन्यानंतरची चर्चा थेट दाखवली जात होती. स्टुडिओत तीन तज्ज्ञ बसले होते आणि तिघेही देशाच्या संघाकडून खेळलेले होते. दोघे गोरे, तिसरा ॲशविन विलेम्से. बोलता बोलता विलेम्से उभा राहिला. आपल्याला खूप वर्षे ‘कोट्यातला खेळाडू’ म्हटले गेले, आणि वर्णभेदाच्या काळात ज्यांनी आपली रग्बी खेळली त्यांनी आपल्याला वरच्या पायरीवरून वागवावे हे यापुढे चालणार नाही, असे सांगून तो कॅमेऱ्यासमोरून निघून गेला. पुढे वाहिनीने एका ज्येष्ठ वकिलाकडून चौकशी करवली. त्या दोघांच्या वागण्यात वंशद्वेष आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला.

हा विलेम्से २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा वर्षातला सर्वोत्तम रग्बीपटू ठरला होता. २००७ च्या विश्वविजेत्या चमूतही तो होता. एवढे मिळवूनही निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी त्याच्या मनात एक शब्द सलत राहिला. ‘कोट्यातला’ हा शब्द आपल्याकडेही महाविद्यालयाच्या आवारात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतो, त्यामुळे त्याची धार मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पण रग्बीतला कोटा नेमका काय होता, तो कशासाठी आला आणि त्याने काय साधले, हे मात्र नीट पाहण्यासारखे आहे.

नव्वद वर्षांचे आरक्षण

दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ ‘स्प्रिंगबॉक’ या नावाने ओळखला जातो. त्याने पहिला कसोटी सामना १८९१ मध्ये खेळला. गोरा नसलेला पहिला खेळाडू, एरॉल टोबायस, कसोटीत उतरला तो १९८१ मध्ये. मधली नव्वद वर्षे संघातल्या पंधराच्या पंधरा जागा एका वर्णासाठी राखीव होत्या. आजच्या जनगणनेत हा वर्ग लोकसंख्येच्या सुमारे सात टक्के भरतो. या व्यवस्थेला तेव्हा कोणी कोटा म्हणत नसे. तिला संघनिवड म्हणत.

ही निवड स्वतःच्या देशापुरतीही मर्यादित राहिली नाही. १९६० मध्ये न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा यजमानांना चालणार नाहीत म्हणून माओरी खेळाडूंना घरीच ठेवले गेले. न्यूझीलंडमध्ये त्याविरुद्ध मोठी चळवळ झाली. १९७० मध्ये माओरी आणि सामोअन वंशाचे खेळाडू संघात आले, पण त्यांना ‘मानद गोरे’ असा दर्जा देऊन! पुढे बहिष्काराचे दडपण वाढत गेले. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताने दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला आणि हाताशी आलेला चषक सोडून दिला. १९७६ मध्ये न्यूझीलंडचा रग्बी संघ पुन्हा तिकडे गेला, म्हणून वीसहून अधिक देशांनी, त्यांत बहुतेक आफ्रिकी, माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला.

‘काळ्यांना रग्बीत रस नाही, त्यांचा खेळ फुटबॉल’ हे या काळात वारंवार सांगितले जाई. इतिहास वेगळे सांगतो. पूर्व केप भागातल्या मिशनरी शाळांत एकोणिसाव्या शतकातच आफ्रिकी मुले रग्बी शिकली. पोर्ट एलिझाबेथमध्ये १८८७ साली आफ्रिकी खेळाडूंचा ‘युनियन’ नावाचा क्लब निघाला. केपटाउनच्या मिश्रवंशीय आणि मुस्लिम वस्त्यांत रग्बीच्या संघटना त्याच सुमारास उभ्या राहिल्या. सरकारी भाषेत ज्यांना ‘कलर्ड’ म्हणत त्या लोकांचे रग्बी मंडळ १८९७ पासून काम करू लागले. या लोकांकडे खेळ होता, प्रेक्षक होते, तीन-तीन पिढ्यांची परंपरा होती. त्यांच्याकडे चांगले मैदान नव्हते, आणि देशाच्या संघाकडे जाणारी वाट नव्हती.

पोस्टरवरचा एकटा चेहरा

१९९२ मध्ये गोऱ्यांची आणि वर्णभेदविरोधी अशा दोन्ही रग्बी संघटना एकत्र आल्या. तीन वर्षांनी, २४ जून १९९५ रोजी, जोहान्सबर्गच्या एलिस पार्क मैदानावर दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून विश्वचषक जिंकला. अध्यक्ष नेल्सन मंडेला स्प्रिंगबॉकची हिरवी जर्सी घालून मैदानात आले. ते दृश्य जगभर गाजले, त्यावर पुढे चित्रपटही निघाला.

त्या दिवशी मैदानात उतरलेल्या पंधरा जणांत गोरा नसलेला एकच होता : चेस्टर विल्यम्स. स्पर्धेच्या जाहिरातींवर त्याचा चेहरा झळकत होता, पण दुखापतीमुळे तो मूळ चमूत नव्हताच. दुसऱ्या एका खेळाडूवर बंदी आली तेव्हा त्याला बोलावले गेले, आणि उपान्त्यपूर्व सामन्यात त्याने चार ‘ट्राय’ केले. संघातल्या काही सहकाऱ्यांनी आपल्याला वर्णावरून हिणवले होते, हे त्याने २००२ मध्ये निघालेल्या आपल्या चरित्रात सांगितले. तोवर सात वर्षे उलटली होती.

विश्वचषकानंतर दोनच महिन्यांनी जागतिक रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाली. आता संघात जागा मिळणे म्हणजे करार, पगार, पोटापाण्याची सोय. एका खेळाडूची कारकीर्द जेमतेम दहा-बारा वर्षांची. त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर, हा प्रश्न एकदम तापला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रांतिक संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंची किमान संख्या ठरवून देण्यात आली. इथे ‘कृष्णवर्णीय’ म्हणजे आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाचे असे सगळे. राष्ट्रीय संघासाठी मात्र ‘कोटा’ हा शब्द टाळला जाई, ‘लक्ष्य’ म्हटले जाई. देशाच्या १९९८ च्या रोजगार समता कायद्यातही हा भेद आहे : संख्येची लक्ष्ये ठेवता येतात, त्या कायद्याखालच्या उपायांत कोटा मात्र बसत नाही. कायद्याच्या पुस्तकातला हा फरक प्रेक्षकांपर्यंत कधी पोचला नाही. जर्सी घालणाऱ्या काळ्या मुलाला दोन्हींचा अर्थ एकच मिळाला.

घड्याळ आणि नजर

कोट्याविरुद्धचा मुख्य युक्तिवाद सरळ आहे : खेळात रंग पाहू नये, गुण पाहावेत. यावर कोणाचा आक्षेप असणार? प्रश्न एवढाच, की गुण मोजायचे कशाने.

शंभर मीटरच्या शर्यतीत घड्याळ निर्णय देते. रग्बीत पंधरा जागा आणि प्रत्येक जागेचे काम निराळे. पुढच्या फळीतले आठ जण रेटारेटी करतात, चेंडू मिळवतात. पाठीमागचे सात तो खेळवतात. दहा क्रमांकाची जर्सी घालणारा ‘फ्लायहाफ’ पुढची चाल ठरवतो. अगदी कडेला उभे राहणारे दोन ‘विंग’ वेगाने धावून गुण मिळवतात. यातल्या विंगची धाव घड्याळावर मोजता येते. फ्लायहाफची समज, दडपणाखाली डोके शांत ठेवण्याची ताकद, पुढारीपण हे सगळे प्रशिक्षकाच्या नजरेवर अवलंबून. आणि नजर तर सवयीने घडते.

आकडे पाहिले की ही सवय दिसते. २००७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या पंधरांत दोघे कृष्णवर्णीय होते : ब्रायन हबाना आणि जे. पी. पीटरसन. दोघेही विंग. चेस्टर विल्यम्स विंग, ॲशविन विलेम्सेही विंग. क्रीडासमाजशास्त्रात याला नाव आहे, विशिष्ट समाजाच्या खेळाडूंना ठरावीक जागांवरच साठवत राहणे. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा अभ्यास फार पूर्वी झाला : काळ्या खेळाडूंवर पळण्याचे काम, डोके चालवण्याच्या जागा गोऱ्यांना. निव्वळ गुणवत्तेनेच निवड होत असती, तर एका समाजाची सगळी गुणवत्ता नेमकी मैदानाच्या कडेलाच का गोळा व्हावी? आणि कोटाच दोषी म्हणावा, तर तोही इथे निम्माच लागू पडला, असे दिसते. संख्या भरण्यासाठी जिथे धोका सर्वांत कमी वाटला, तिथे हे खेळाडू उभे केले गेले.

शिक्क्याची किंमत

कोट्याने केलेले नुकसानही खरे आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये पीटर डी व्हिलियर्स हा स्प्रिंगबॉकचा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला. नेमणूक जाहीर करतानाच रग्बी संघटनेच्या अध्यक्षांनी सांगून टाकले, की ही निवड केवळ रग्बीच्या निकषांवर झालेली नाही, परिवर्तनाचाही विचार केला आहे. हेतू प्रामाणिक असेल. पण त्या एका वाक्याने त्या माणसाच्या कपाळावर पहिल्याच दिवशी शिक्का बसला. पुढच्याच वर्षी त्याच्या संघाने ब्रिटिश-आयरिश ‘लायन्स’विरुद्धची मालिका जिंकली, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला मागे टाकून तिरंगी स्पर्धाही जिंकली. तरी शिक्का पुसला गेला नाही. संघ जिंकला तर खेळाडूंमुळे, हरला तर प्रशिक्षकामुळे, असे बोलले जात राहिले.

दुसऱ्या बाजूचीही एक तक्रार आहे. १९९४ नंतर जन्मलेला गोरा मुलगा विचारतो, आजोबांच्या पापाची किंमत मी का मोजू? त्याचा करार हुकला तर त्याच्या दृष्टीने ते नुकसान खरेच असते. अनेक जण इंग्लंड-फ्रान्सच्या क्लबांकडे गेले. त्यात तिकडच्या पैशाचा मोठा वाटा होता, पण डावलले गेल्याची भावनाही होती. राज्यकर्त्यांचे हातही स्वच्छ नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये क्रीडामंत्र्यांनी परिवर्तनाची लक्ष्ये गाठली नाहीत म्हणून रग्बी, क्रिकेट, नेटबॉल आणि ॲथलेटिक्स या चार संघटनांना मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवण्यास मनाई केली. ज्या सरकारी शाळांत मैदान नाही, प्रशिक्षक नाही, त्या शाळा कोणाच्या अखत्यारीत होत्या, हा प्रश्न मात्र मंत्र्यांना फारसा कोणी विचारला नाही.

झ्विडेचा मुलगा

खरी चाळणी तिथेच लागते. स्प्रिंगबॉक घडतात ते मोजक्या शाळांत : स्टेलनबॉशची पॉल रूस, ब्लूमफाँटेनची ग्रे कॉलेज, पार्लच्या शाळा. हिरवीगार मैदाने, पूर्णवेळ प्रशिक्षक, वसतिगृहातले पोटभर जेवण. अठराव्या वर्षी निवडसमितीसमोर दोन मुले उभी राहतात तेव्हा एकामागे दहा वर्षांचे दूध-मांस आणि सराव असतो. दुसऱ्यामागे तो नसतो. त्या दिवशी पहिला सरस ठरतो आणि ती निवड चुकीचीही नसते. भेद त्याआधीच होऊन गेलेला असतो.

सिया कोलिसीचा जन्म १६ जून १९९१ चा. प्रत्येक नागरिकाची वर्णानुसार नोंद करणारा कायदा त्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द झाला. पोर्ट एलिझाबेथच्या झ्विडे वस्तीत आजीने त्याला वाढवले. घरात खायची भ्रांत असे. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत तो साध्या आतल्या चड्डीवर खेळला, कारण खेळाची चड्डी नव्हती. तिथे त्याच्यावर कोणाची तरी नजर पडली आणि ग्रे या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. विलेम्से स्टुडिओतून निघून गेला त्याच महिन्याच्या अखेरीस कोलिसी स्प्रिंगबॉकच्या कसोटी संघाचा पहिला काळा कर्णधार झाला.

काही महिन्यांनी एका मुलाखतीत कोलिसी म्हणाला, की मंडेलांना कोटा पटला नसता आणि कातडीच्या रंगावरून झालेली निवड आपल्यालाही नको आहे. कोट्याच्या विरोधकांनी हे वाक्य उचलून धरले, समर्थक त्याच्यावर रागावले. त्याच मुलाखतीतला दुसरा भाग दोन्हीकडच्यांनी सोडून दिला : ती शाळा मिळाली नसती तर आपल्याला नीट खायला मिळाले नसते, आपली वाढही झाली नसती, सुरुवात तळापासून व्हायला हवी, असे तो म्हणाला होता.

२ नोव्हेंबर २०१९ रोजी योकोहामात दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला ३२-१२ असे हरवले. या वेळी पहिल्या पंधरांत सहा कृष्णवर्णीय होते आणि ते आता फक्त कडेला नव्हते : म्तावारिरा व म्बोनाम्बी पुढच्या रेटारेटीत, कोलिसी फ्लँकर, लुखान्यो आम मध्यभागी, मापिम्पी आणि कोल्बे विंगवर. संघटनेचे २०१९ चे लक्ष्य पन्नास टक्क्यांचे होते, म्हणजे कागदावर ते हुकलेच. २०२३ च्या अंतिम सामन्यात तर ही संख्या पाच होती. पण त्याच स्पर्धेत उपान्त्यपूर्व आणि उपान्त्य सामन्याची सुरुवात मॅनी लिबॉक या कृष्णवर्णीय फ्लायहाफने केली. उपान्त्य सामन्यात पहिल्या अर्ध्यातच त्याला बाहेर काढले गेले, अंतिम सामन्यात दुसरा गोरा फ्लायहाफ खेळला आणि चषक जिंकला. विंगवरून दहा क्रमांकाच्या जर्सीपर्यंतची ही वाट संख्येपेक्षा जास्त काही सांगते.

मला यातून दिसते ते असे. कोट्याने गुणवत्ता निर्माण केली नाही, ते त्याचे कामच नव्हते. बंद दारापाशी तो कोणाला तरी उभे करू शकला आणि निवडणाऱ्यांच्या नजरेला नवी सवय लावू शकला. त्या सवयीची किंमत मात्र विल्यम्स, विलेम्से, डी व्हिलियर्स यांनी आपल्या नावाने मोजली. चेस्टर विल्यम्स सप्टेंबर २०१९ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. कोलिसीने चषक उचललेला त्याला पाहता आला नाही.

राहिला प्रश्न तळाचा. योकोहामातला पहिला ट्राय मापिम्पीने केला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेसाठी कोणीही केलेला तो पहिला ट्राय. हा मुलगा पूर्व केपमधल्या त्शोलोम्न्का या खेड्यातला. त्याला कोणत्याही नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. लहान संघांतून, एकेक पायरी चढत तो पंचविशी उलटल्यावर देशाच्या संघात पोचला. त्याच्यासारखी किती मुले त्या वाटेवर मध्येच थांबली, हे निवडसमितीच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. गुणवत्तेची चर्चा करायचीच असेल, तर ती पंधरा नावे जाहीर होण्याच्या दहा वर्षे आधी, एखाद्या खेड्यातल्या शाळेच्या मैदानावर सुरू करावी लागेल, आणि तिथे मैदान आहे की नाही हे आधी पाहावे लागेल.