घरटी मोजली, आता रक्तही तपासा

सागरी पक्ष्यांची वसाहत सुखरूप आहे का, हे बहुधा घरटी मोजून ठरवतात. मोजणी हवीच, पण या पक्ष्यांच्या बाबतीत ती फार उशिरा बोलते. शिअरवॉटर किंवा अल्बाट्रॉस वयाची पहिली काही वर्षे वीण करीत नाहीत, नंतरही हंगामाला एकच अंडे घालतात, आणि जगतात मात्र कित्येक दशके. त्यामुळे वर्षानुवर्षे पिल्ले दगावली तरी जुनी जोडपी बेटावर येत राहतात आणि आकडा फारसा हलत नाही. तो घसरू लागतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. रक्त ही खबर आधी देते.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव बेटावर फ्लेश-फुटेड शिअरवॉटर बिळांत घरटी करतात. समुद्रात तरंगणारे प्लास्टिक अन्न समजून ते गिळतात आणि पिल्लांनाही भरवतात. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्लास्टिक पोटात असलेल्या पक्ष्यांच्या रक्तात कॅल्शियम कमी, तर युरिक आम्ल आणि कोलेस्टेरॉल जास्त आढळले. 2025च्या अभ्यासाने आणखी खोल पाहिले. नव्वद दिवसांहूनही लहान, वरून धडधाकट दिसणाऱ्या, पण प्लास्टिक पोटात असलेल्या पिल्लांच्या रक्तात यकृत तयार करते ते अल्ब्युमिन घटले होते, आणि एरवी पेशींच्या आत असणारी प्रथिने रक्तात उतरली होती. म्हणजे पेशी फुटत होत्या. वजनकाट्यावर किंवा दुर्बिणीतून हे कधीच कळले नसते.

आक्षेप असा की, आधीच संकटातल्या पक्ष्याला पकडून सुई टोचणे हाच त्रास नाही का? आहे, म्हणूनच रक्त वजनाच्या एक टक्क्याहून जास्त काढत नाहीत. ताणाचे संप्रेरक मोजायचे तर पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांत नमुना घ्यावा लागतो, कारण त्यानंतर हाताळणीचाच ताण रक्तात दिसू लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वय, उपवास, वीण यांनुसार रक्त बदलते, मग बिघाड कशाला म्हणायचे? शिवाय प्लास्टिक आणि कमी कॅल्शियम एकत्र दिसले म्हणून एकामुळेच दुसरे घडले, असे सिद्ध होत नाही. हे मान्य करायलाच हवे. पण त्यातून निघतो तो तपासण्या थांबवण्याचा नव्हे, वाढवण्याचा मुद्दा. निरोगी पक्ष्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तरच आजारी रक्त ओळखता येईल. तेव्हा प्रत्येक मोठ्या वसाहतीत गणनेसोबत थोड्या पक्ष्यांची रक्ततपासणी नेमाने व्हावी, आणि ही तपासणी वसाहत भरलेली असतानाच सुरू व्हावी.