सीमेपलीकडची नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी

कॅनडातील विंडसर आणि अमेरिकेतील डेट्रॉईट ह्या दोन शहरांमधून एक नदी वाहते. १९२९ साली त्या नदीवर अ‍ॅम्बॅसेडर पूल झाला आणि १९३० साली नदीखालून बोगदा सुरू झाला. विंडसरमध्ये राहणारे अनेक जण, विशेषतः परिचारिका, रोज सकाळी सीमा ओलांडून डेट्रॉईटला कामावर जातात आणि संध्याकाळी घरी परततात. आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांचे आप्त कॅनडात स्थायिक झालेले आहेत. त्यांच्यापैकी जे असा प्रवास करतात त्यांच्या निवृत्तीच्या बचतीवर कर कसा लागतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अडचण कोठे होती?

अशा कामगाराला दोन्ही देशांत विवरणपत्र भरावे लागते. अमेरिका तिच्या भूमीवर केलेल्या कामाच्या वेतनावर कर घेते. कॅनडा आपल्या रहिवाशाच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारतो आणि अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट कॅनडातील करातून देतो. वेतनापुरती ही व्यवस्था ठीक चालते. प्रश्न निर्माण होतो तो निवृत्तीच्या बचतीबाबत.

अमेरिकेतील मालक सामान्यतः ४०१ (के) नावाची योजना देतात. कामगाराने तीत टाकलेल्या रकमेवर अमेरिका त्या वर्षी कर घेत नाही. निवृत्तीनंतर पैसे काढताना घेते. कॅनडाच्या कायद्यात मात्र परदेशी योजनेतील अशा वर्गणीला सर्वसाधारण सूट नव्हती. त्यामुळे हातात न आलेल्या पैशांवर कॅनडात त्याच वर्षी कर पडे आणि म्हातारपणी तेच पैसे काढताना कराचा प्रश्न पुन्हा उभा राही. दोन्ही देशांतील कर वेगवेगळ्या वर्षांत पडल्याने एकाची वजावट दुसऱ्यात मिळणे कठीण होई.

कराराने काय दिले?

२१ सप्टेंबर २००७ रोजी दोन्ही देशांनी आपल्या करविषयक कराराच्या पाचव्या दुरुस्तीवर सह्या केल्या. १५ डिसेंबर २००८ रोजी ती अमलात आली. तिच्यानुसार, अमेरिकेत नोकरी करणारा कॅनडाचा रहिवासी ४०१ (के) सारख्या पात्र योजनेतील आपली वर्गणी कॅनडातील उत्पन्नातून वजा करू शकतो. त्यासाठी ते वेतन अमेरिकेत करपात्र असावे, त्याचा भार अमेरिकेतील मालकावर असावा आणि त्या वर्गणीला अमेरिकेतही करसवलत मिळत असावी. स्वतःच्या नावे वेगळे उघडलेले वैयक्तिक निवृत्ती खाते ह्या सवलतीत बसत नाही.

मर्यादा ध्यानात ठेवावी

ही सवलत अमर्याद नाही. कॅनडात आरआरएसपी नावाची निवृत्ती बचत योजना आहे. तीत वजावट मिळण्याची मर्यादा म्हणजे मागील वर्षाच्या अर्जित उत्पन्नाच्या १८ टक्के; त्यावरही दर वर्षी ठरणारी कमाल रक्कम असते. २०२५ साली ती ३२,४९० कॅनेडियन डॉलर होती. पूर्वीच्या वर्षांतील न वापरलेली मर्यादा पुढे मिळते. अमेरिकी योजनेतील वर्गणीची वजावट ह्याच मर्यादेतून घ्यावी लागते.

समजा, एका परिचारिकेचे मागील वर्षाचे उत्पन्न ७०,००० कॅनेडियन डॉलर होते आणि जुनी मर्यादा शिल्लक नाही. तिची मर्यादा १२,६०० डॉलर झाली. तिने आरआरएसपीमध्ये ५,००० डॉलर टाकून त्याची वजावट घेतली, तर उरले ७,६००. अमेरिकी योजनेत तिने ९,००० डॉलर भरले असतील, तर वजावट ७,६०० डॉलरांचीच मिळेल आणि उरलेल्या १,४०० डॉलरांवर कॅनडात त्याच वर्षी कर लागेल. म्हणून दोन्हीकडे पैसे टाकण्यापूर्वी बेरीज करून पाहावी.

सवलत मागावी लागते

ही सवलत आपोआप मिळत नाही. अमेरिकी मालक देतो त्या डब्ल्यू-२ पत्रकाच्या पहिल्या रकान्यात ४०१ (के) ची वर्गणी वजा करूनच वेतन दाखवलेले असते. कॅनडाचे विवरणपत्र भरताना ती वर्गणी आधी उत्पन्नात मिळवायची आणि मग आरसी २६८ हा नमुना भरून वजावट मागायची असते. पहिली पायरी गाळल्यास उत्पन्न कमी दाखवल्यासारखे होते. दुसरी गाळल्यास हक्काची सवलत जाते.

निवृत्तीनंतर कॅनडात राहणाऱ्यास अमेरिकेतून नियमित हप्त्यांनी मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर अमेरिका करारानुसार १५ टक्क्यांपेक्षा अधिक कर घेऊ शकत नाही आणि त्या कराची वजावट कॅनडात मिळते. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीवर तर केवळ कॅनडातच कर लागतो. त्यातलाही १५ टक्के भाग करमुक्त असतो.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरचेन्स’ ह्या परिपत्रकात वृद्धापकाळातील निवृत्तिवेतन हा श्रमिकांचा हक्क मानला आहे. परक्या देशात काम करणाऱ्यास इतर कामगारांपेक्षा कमी हक्क मिळू नयेत, असेही त्यांनी सांगितले आहे. कर प्रामाणिकपणे भरणे हे आपले कर्तव्यच आहे. पण एकाच घामाच्या पैशावर दोनदा कर भरावा, असे कोणी सांगितलेले नाही. तेव्हा आपले आप्त रोज सीमा ओलांडत असतील, तर दोन्ही देशांचे करकायदे जाणणाऱ्या सल्लागाराकडून आपली विवरणपत्रे एकत्र तपासून घेण्यास त्यांना अवश्य सांगावे.